शिक्का चार, शिक्का पाच

शेवंता राऊळला घोणस चावली तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि आमचं यंत्र बंद पडून बरोबर नऊ.

ही मिनिटं अंदाजाने सांगत नाही. आसडोलीच्या ग्रामीण रुग्णालयात मी एकोणतीस वर्षं औषधांचा भांडारपाल आहे. भांडार सांभाळणाऱ्याला एक खोड लागते, तो गोळ्यांच्या पट्ट्यांबरोबर माणसंही मोजायला लागतो. डॉक्टर बिडवाई दिवसातून किती वेळा "आमच्या अकोल्याकडे" म्हणतात (सरासरी सहा). शेवंताची सासू सुनेची गाऱ्हाणी सांगायला महिन्यातून किती वेळा बाह्यरुग्ण विभागात येऊन बसते आणि त्यातल्या किती वेळा तिला खरोखर काही दुखत असतं. सिस्टर रेमेडिना फर्नांडिस दिवसातून किती वेळा रागावतात, आणि त्यातला मनापासूनचा राग किती. एकोणतीस वर्षांत या शेवटच्या रकान्यात एकही आकडा पडला नव्हता.

यंत्राचं नाव उतारा. पूर्वी घोड्याच्या रक्तापासून सापाच्या विषावरची लस करत. तिचा कारखाना बंद पडून चार वर्षं झाली, कारण उतारा आला. रुग्णाच्या रक्ताचा थेंब आत सोडायचा. त्यात मिसळलेल्या विषाच्या कणांचे आकार यंत्र वाचतं आणि प्रत्येक आकारावर झाकणासारखं घट्ट बसेल असं प्रथिन तिथल्या तिथे विणतं. आमच्याकडच्या घोणशीचं विष आणि घाटावरच्या घोणशीचं विष सारखं नसतं. जुन्या लसीला तो फरक कळायचा नाही, उताऱ्याला कळतो. पंचवीस मिनिटांत कुपी तयार.

पण जे यंत्र विषावर झाकण विणतं, ते उद्या कुणी सांगितलं तर विषही विणेल. म्हणून त्याला कुलूप आहे. पडद्यावर नाव आणि परवलीचा शब्द देऊन आत शिरायचं, आणि केलेल्या प्रत्येक कुपीची नोंद जिल्ह्याला गेलीच पाहिजे. नोंद पाठवायची सोय बंद असेल तर यंत्र विणायची सुई पुढेच करत नाही. कायद्यानेच तशी बांधणी आहे.

आता आमची चूक. उतारा बसवला त्या दिवशी जिल्ह्याहून शिकवायला माणूस आला होता आणि नेमकी आसडोलीची जत्रा होती. दुपारनंतर रुग्णालयात कोण राहणार? सगळे ओटी भरायला आणि रात्रीच्या दशावताराची जागा धरायला गेले, मीसुद्धा. सिस्टर रेमेडिना ख्रिश्चन, त्या तेवढ्या ड्यूटीवर. शिकवणाऱ्याने त्यांना एकटीला शिकवलं, यंत्रात त्यांचं एकटीचं नाव घातलं आणि तोही जत्रेला गेला. पुढे तीन वर्षं आम्ही सगळे सिस्टरच्या नावाने आत शिरत होतो. परवलीचा शब्द औषधांच्या खोलीतल्या दिनदर्शिकेवर लिहिलेला होता. दर जानेवारीत नव्या दिनदर्शिकेवर तो मीच माझ्या सुवाच्य अक्षरात उतरवून काढत असे.

सात आठवड्यांपूर्वी हे अंगाशी आलं. सतरा फेब्रुवारीला सकाळी सहा-चाळीसला सिस्टरच्या नावाने एक कुपी तयार झाली होती, गोविंद सावंत या रुग्णासाठी. जिल्ह्याने पडताळणी केली तेव्हा गोविंद सावंत म्हणाला, मला साप चावला तो गेल्या वर्षी, फेब्रुवारीत मी मुलीकडे होतो. मग कुपी गेली कुठे? त्या वेळी सिस्टर ड्यूटीवर होत्या. म्हणाल्या, मी प्रसूतिगृहात होते. पण बाळंतीण कळांत आणि बाळ नवं, साक्ष कोण देणार? चौकशी लागली. अधिकारी उद्या यायचे होते. सिस्टरच्या निवृत्तीला चौदा महिने होते, आणि निलंबनाचा कागद तयार आहे असं जिल्ह्याच्या शिपायानेच फोनवर सांगितलं होतं.

त्यांना वाचवायचं केतकी परुळेकरने मनावर घेतलं होतं. केतकी पुण्यातली नोकरी सोडून गावी आलेली. आता तालुक्यातल्या पाच रुग्णालयांची संगणकाची कामं बघते. तिचा जन्म आमच्याच प्रसूतिगृहातला, सिस्टरच्या हातचा. पायाळू होती, हे सिस्टर तिला अजून ऐकवतात.

"मेस्त्रीकाका, पुरावा यंत्रातच आहे," ती मला आदल्या दिवशी म्हणाली होती. "आपण पडद्यावर टाइप करतो ना, त्या बोटांचा ताल यंत्र साठवून ठेवतं. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जायला कुणाला किती वेळ लागतो ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. हस्ताक्षरच समजा. जुन्या प्रणालीला ते वाचता येत नव्हतं, नवीला येतं. उद्या ती घालते. सतराला नाव सिस्टरचं असलं तरी बोटं कुणाची होती ते कळेल."

"वा," मी म्हणालो. चांगलं मोठ्याने म्हणालो.

तर अकरा वाजून अकरा मिनिटांनी तिने नवी प्रणाली घातली आणि पडद्यावर लाल ओळी आल्या.

त्या लाल ओळींचा अर्थ मला केतकीने सांगितला तो असा. असली प्रणाली कुणी एकटा सगळी लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे जोडून ती उभी करतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. आमच्या यंत्रात दोन मोठे तुकडे. एक 'दार', म्हणजे माणसाला ओळखून आत घेणारा. दुसरा 'नोंद', जिल्ह्याला कळवणारा. दोघांनाही तिसऱ्याची गरज लागते, 'शिक्का'ची. आत आलेल्या माणसाच्या नावावर तो मोहोर उठवतो. नवं दार म्हणतं, मला पाच क्रमांकाचाच शिक्का हवा. नोंद जुनीच आहे, ती म्हणते, चार क्रमांकाशिवाय मी कुठल्याच मोहोरेला ओळखत नाही. आणि शिक्का ठेवायचा खण एकच. चार ठेवला तर दार उघडत नाही, पाच ठेवला तर नोंद उठत नाही. कुठूनही आलात तरी सुई जागची हलत नाही.

"दुसऱ्या यंत्रावर आधी करून बघायला हवं होतं," केतकी ओठ चावत म्हणाली. "उद्याची घाई केली मी."

तिने जिल्ह्याला फोन लावला. तिथून तिला तक्रार क्रमांक मिळाला.

आणि पावणेबाराला टेंपोतून शेवंता आली.

काजूच्या बागेत पाला लोटताना चावलेली. घोट्याजवळ दोन दात, पोटरीपर्यंत सूज. बरोबर सासू, जिला मी या महिन्यात चार वेळा सुनेची गाऱ्हाणी सांगताना ऐकलेलं. आता ती खाटेचा दांडा धरून एकच वाक्य बोलत होती, "सकाळी मीच तिका धाडलंय. येवक नको म्हणत होती, मीच धाडलंय."

डॉक्टर बिडवाईंनी शेवंताचं रक्त काचेच्या नळीत घेऊन उभं ठेवलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्त गोठलं असेल तर विष अजून रक्तापर्यंत पोचलेलं नाही. बारा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी नळी कलंडवली आणि रक्त पाण्यासारखं काचेवरून वाहत गेलं.

"एक वाजेपर्यंत उतारा गेला पाहिजे," ते म्हणाले. अकोल्याचं नाव नाही, काही नाही. "त्यानंतर मूत्रपिंडं, किंवा डोक्यात रक्तस्राव. मी सांगू शकत नाही कुठलं आधी."

"जिल्ह्याला हलवलं तर?" मी विचारलं.

"रस्त्याचं काम चालू आहे. पावणेदोन तास. मेस्त्री, यंत्र चालू करा ना!"

एकला कुपी हवी, विणायला पंचवीस मिनिटं. म्हणजे बारा-पस्तीसला यंत्र सुरू झालंच पाहिजे. हाताशी तीस मिनिटं.

सिस्टर औषधांच्या खोलीच्या दारात आल्या. हातमोज्यांना रक्त लागलेलं. "गो केतकी, हिरड्यांतसून रगत येता तिच्या. तुझा काय झाला?"

"दोन रस्ते आहेत, सिस्टर," केतकी पडद्यावरची नजर न काढता बोलली. "एक, जुनं दार परत बसवायचं. दोन मिनिटांचं काम. पण बोटांच्या तालाचा साठा मी सकाळी नव्या पद्धतीत उतरवलाय. जुन्या दाराला तो वाचता येणार नाही. मोडका समजून पुसून टाकील आणि कोरा सुरू करील. सतरा फेब्रुवारी जाईल."

"आणि दुसरो?"

"पाच नंबरच्या शिक्क्याची नक्कल करायची आणि तिला वेगळं नाव द्यायचं. मग खणात दोन्ही राहतात. दाराला सांगायचं, तू याला नव्या नावाने हाक मार. नोंद आपली जुन्याच नावाने मारील. दोघांचं भांडणच राहत नाही. पण दारात ज्या ज्या ठिकाणी शिक्क्याचं नाव घेतलंय तिथं तिथं ते बदलावं लागेल. पंधरा मिनिटं. वीस."

"साठो बाहेर काढून ठेव मग. पेनड्राइव्हार."

"यंत्राला तसलं भोकच ठेवलेलं नाही. रुग्णांची माहिती चोरीला जाईल म्हणून. बाहेर जायचं तर नोंदच्या हातूनच जातं, आणि नोंद झोपलीय."

सिस्टरनी हातमोजे उतरवले. मग म्हणाल्या, "जुना बसव. माझा नाव गेला तर गेला. बाई गेली तर परत येवची नाय."

"वीस मिनिटं, सिस्टर! बारा-पस्तीसच्या आत होतंय. मी करते. तुम्ही चोर म्हणून घरी जायचं का? माझ्यादेखत?"

"पायाळू ती पायाळूच," सिस्टर पुटपुटल्या आणि शेवंताकडे धावल्या.

केतकीची बोटं चालू झाली. मी तिच्या मागे उभा होतो, घड्याळाखाली.

आता माझी बाजू. अकरा-अकराला पडद्यावर लाल ओळी आल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे आधी लिहून टाकतो, कारण बाकीच्यांचं एवढं मोजून झाल्यावर हा आकडा गाळणं बरं दिसत नाही.

सतरा फेब्रुवारीला मी ऑक्सिजनचे सिलिंडर उतरवून घ्यायला पहाटेच आलो होतो. फाटकाशी एक नेपाळी उभा होता. हापूसच्या बागांना राखणीला हंगामभर नेपाळी येतात. त्याच्या भावाला, टेकबहादूरला, फुरसं चावलं होतं. भाऊ बागेतल्या खोपीत पडून होता. आणायला तयार नव्हते, कारण कागद नाहीत. आरोग्य क्रमांक नाही, आणि क्रमांकाशिवाय यंत्र कुणासाठीही विणत नाही. आणि मागच्या वर्षी अशाच एकाला रुग्णालयातून थेट पोलिसांनी नेलं होतं. त्याने मलमाच्या डबीत भावाचं थोडं रक्त आणलं होतं. मलमाची डबी! मी पूर्वी कंपाउंडर होतो. सुई द्यायचा तो हात मी विसरलो नव्हतो. सिस्टरच्या नावाने आत शिरलो, जुन्या रुग्णांतला गोविंद सावंतचा क्रमांक घातला, कुपी खिशात टाकून सायकलवरून बागेत गेलो आणि सुई दिली. टेकबहादूर जगला. आठवड्याने आंब्याच्या पेट्या भरताना मी त्याला बघितला.

तेवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट छान होती. पण डॉक्टरशिवाय सुई देणं गुन्हा, दुसऱ्याच्या क्रमांकावर कुपी काढणं गुन्हा, आणि चौकशी लागली तेव्हा मी गप्प बसलो. पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर काल का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. असा एकेक दिवस चढत गेला. सिस्टर मात्र रोज अकरा आणि चारला चहा करून माझ्या टेबलावर ठेवत होत्या.

म्हणून केतकीच्या मागे उभा राहून मी काय बघत होतो, ते तुम्हाला आता कळेल. पहिल्या रस्त्याने शेवंता नक्की वाचत होती आणि मीही वाचत होतो. दुसऱ्या रस्त्याने सिस्टर वाचल्या असत्या. मी "जुनं बसव" म्हणालो असतो तर ते योग्यच ठरलं असतं. डॉक्टरही तेच म्हणाले असते. आणि नेमकं म्हणूनच माझ्या तोंडून ते निघेना.

बारा-बावीस. "झालं," केतकी म्हणाली आणि प्रणाली सुरू केली.

पडदा निळा झाला. दार उघडलं. नोंदचा हिरवा ठिपका लागला, दोन सेकंद टिकला आणि विझला. पुन्हा लाल ओळी.

"असं कसं?" ती ओळी वाचत खाली गेली. "अरे देवा. दाराने स्वतः शिक्क्याला हाक मारलेली मी बदलली. पण दार वेळ तपासायला 'घडी' म्हणून आणखी एक तुकडा वापरतं. हा तुकडासुद्धा शिक्क्याला बोलावतो, जुन्याच नावाने. तो माझ्या डोक्यातच नव्हता."

"म्हणजे?"

"त्यातही बदलायचं. सात मिनिटं."

वॉर्डातून डॉक्टरांची हाक आली, "मेस्त्री, काय चाललंय? लघवीतून रक्त सुरू झालंय!" आणि मागोमाग सासूचा आवाज, "बाय माझे, डोळे उघड, मी तुका परत कधी बोलाचंय नाय!"

बारा-एकोणतीसला केतकीने पुन्हा सुरू केलं. निळा पडदा. हिरवा ठिपका. मी आकडे मोजले, एक, दोन, तीन, चार. विझला.

"घडीच्याही खाली कुणीतरी आहे," केतकीचा आवाज चिरकला. "थांबा, सापडेल, सापडतंय. अजून सहा मिनिटं आहेत काका, सहा आहेत ना?"

"पाच."

सिस्टर दारात आल्या. या वेळी त्या रागावल्या नाहीत. "बाळा," त्या प्रमाण मराठीत म्हणाल्या, जशा त्या फक्त अधिकाऱ्यांशी बोलतात, "पुरे. जुनं बसव."

"नाही! उद्या तुम्हाला काढतील. मला एकदा बघू द्या, फक्त एकदा—"

तिची बोटं थांबतच नव्हती. बारा-एकतीस. त्या पोरीच्या हट्टात आणि खाटेवरच्या बाईच्या रक्तात एकच गोष्ट अडकली होती, सतरा तारखेला कोण होतं हे. आणि ते सांगायला यंत्राची काहीच गरज नव्हती.

"केतकी," मी म्हणालो, "दाब ता बटण. साठो पुसलो तरी चलात. सतरा फेब्रुवारीक यंत्र मी उघडलेलंय."

तिची बोटं थांबली. तिने वळून माझ्याकडे बघितलं. मग सिस्टरकडे. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी एकोणतीस वर्षांत न मोजलेलं काहीतरी होतं.

"उद्या अधिकाऱ्यासमोर सांगीन," मी म्हणालो. "सगळा सांगतंय. आधी दाब."

केतकीने जुनं दार बसवायचा हुकूम दिला. पडद्यावर पट्टी सरकत गेली. साठा मोडका आहे, पुसून नवा करू का, असं यंत्राने विचारलं. तिने 'हो' केलं. सात आठवडे मला झोपू न देणारी ती गोष्ट एका सेकंदात नाहीशी झाली, आणि आता तिचा काही उपयोगही नव्हता.

बारा-तेहेतीस. शिक्का चार. दार जुनं, नोंद जुनी, हिरवा ठिपका लागला आणि लागून राहिला. पडदा कोरा होता, साठ्याबरोबर सिस्टरचं नावही पुसलं गेलं होतं. यंत्र विचारत होतं, पहिल्या वापरणाऱ्याचं नाव?

सवयीने सिस्टर पुढे झाल्या. मी खुर्ची ओढली आणि बसलो. अनंत मेस्त्री असं टाइप केलं. तीन वर्षं त्या यंत्रावर काम करून माझं स्वतःचं नाव मी पहिल्यांदा लिहीत होतो, आणि बोटं अडखळत होती. परवलीचा शब्द मनातल्या मनात ठरवला. दिनदर्शिकेवर लिहिला नाही.

"रक्त," मी हात पुढे केला.

सिस्टरनी नळी माझ्या हातात ठेवली. ती सोडताना म्हणाल्या, "सात आठवडे, मेस्त्री. रोज माझ्या हातची चाय पिलस." आवाज अजिबात चढलेला नव्हता. मग त्या वॉर्डात निघून गेल्या.

बारा-चौतीसला उतारा घरघरायला लागला.

ती पंचवीस मिनिटं मी खुर्चीवरून उठलो नाही. केतकी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तिथूनच म्हणाली, "काका, कुणासाठी?" मी तिला मलमाच्या डबीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "हे त्याच दिवशी सिस्टरना सांगितलं असतं, तर त्यांनीच सही केली असती," ती म्हणाली. हा हिशोब मला सात आठवड्यांत एकदाही सुचला नव्हता.

बारा-एकोणसाठला कुपी हातात आली. डॉक्टरांनी ती शिरेत सोडली.

तीन वाजता शेवंताचं रक्त पुन्हा नळीत घेतलं, वीस मिनिटं ठेवलं. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून नळी कलंडवली. रक्त हललं नाही. त्यांनी नळी पूर्ण उलटी धरली. तरी लालभडक गोळा तळाशी चिकटून बसला. "आमच्या अकोल्याकडे याला..." डॉक्टर सुरू झाले आणि वाक्य अर्धं सोडून नळी पुन्हा उलटी करून बघू लागले. सासू सुनेच्या पायाशी बसून तिला सांगत होती की उशीची बाजू बदल, तुला साधं नीट झोपता येत नाही.

चारच्या चहाला सिस्टर ट्रे घेऊन आल्या. डॉक्टरांना दिला, केतकीला दिला, स्वतःचा उचलला. ट्रे रिकामा झाला. मी आपला कप बघायला गेलो नाही.

मनापासूनच्या रागाच्या रकान्यात मी एक आकडा घातला. मग यंत्राचा पडदा पुढे ओढला. आजच्या कुपीची नोंद जिल्ह्याला जायला उभी होती. रुग्ण शेवंता राऊळ, वापरणारा अनंत मेस्त्री. शेवटी 'शेरा' म्हणून एक जागा असते, जी आम्ही तीन वर्षं रिकामीच पाठवत आलो. तिथे मी लिहायला सुरुवात केली: सतरा फेब्रुवारी, सकाळी सहा-चाळीस, रुग्ण टेकबहादूर, आरोग्य क्रमांक नाही.

नोंद पाठवायची? यंत्राने विचारलं.

सिस्टर माझ्या खांद्यामागून वाचत होत्या. किती वेळ उभ्या होत्या ते मला सांगता येणार नाही. मी घड्याळाकडे बघितलं नव्हतं.

"एकच वेळ लिवलस," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी बाळ सहा-चव्वेचाळीसाक झाला. तू सायकलीर जाताना मी खिडकेतसून बघलंय, तेव्हा ता रडत होता. सहा-सत्तेचाळीस पण लिही, सुई घेवन जाताना."

मी ते लिहिलं आणि पाठवलं.